शुक्रवारी बिघडणारं मशीन

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला ‘इंडस्ट्री प्रोजेक्ट’ नावाचा एक विषय असतो. ज्याने तो अभ्यासक्रमात घातला त्याने तो स्वतः कधी चालवला नसणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मला निवृत्त होऊन वर्ष होत आलं, तरी अजून फोन वाजला की मी आधी चपला शोधते. वाटतं, कुठल्या तरी कारखान्यात आपल्या कुठल्या तरी पोराने काहीतरी जाळलं.

कागदावर हा विषय फार देखणा आहे. चार-चार मुलांची एक टीम करायची. प्रत्येक टीमला एक कारखाना शोधून द्यायचा. कारखान्याने आपली एक खरीखुरी अडचण सांगायची आणि मुलांनी जुलैपासून मेपर्यंत राबून ती सोडवायची. वाचायला किती छान! मी मेकॅनिकलची प्राध्यापक. आमच्या जालन्याच्या कॉलेजात हा विषय कित्येक वर्षं माझ्याकडे होता. का, तर पहिल्याच मीटिंगमध्ये मी एक शंका विचारली होती. ज्याने तोंड उघडलं त्याच्याच गळ्यात धोंड, हा सगळ्याच कॉलेजांचा नियम असावा.

पहिली कटकट कारखाना मिळवण्याची. जालना एमआयडीसीत सळयांच्या मिल आहेत, बियाण्यांच्या कंपन्या आहेत, कारखान्यांना तोटा नाही. पण मालकाला ‘तुमची अडचण सांगा’ म्हटलं की त्याला मी इन्कमटॅक्सवाली वाटते. एक मिलवाले म्हणाले, “अडचन? बिलकुल न्हाई मॅडम. अडचन असती तर मिल चालली असती का?” दुसऱ्या एका शेठनी टीम मोठ्या प्रेमाने घेतली. महिन्याने मी पाहायला गेले, तर माझे चार भावी इंजिनिअर भर उन्हात गेटवर उभे राहून ट्रकांचे नंबर टिपत होते. मी चिडले, तर शेठ शांतपणे म्हणाले, “शिकून राह्यले ना पोरं. लॉजिस्टिक म्हणतेत याला.”

मग पालक. भोकरदनकडचे एक गृहस्थ तावातावाने केबिनमध्ये आले होते. “मॅडम, पोराला इंजिनेर करायला पाठवलं, अन् तुम्ही त्याला कंपनीत ग्रीस पुसायला लावून राह्यल्या!” मी त्यांना समजावलं, की ज्याचे हात कधी काळे झाले नाहीत त्याने कागदावर काढलेलं मशीन कधी चालत नाही. ते म्हणाले, “हात काळेच करायचे होते, तर आमचं शेत काय वाईट होतं?” 

आणि मुलं! त्यांच्याबद्दल लिहायला बसले तर संपादकांना अंक वाढवावा लागेल. एकच सांगते. ‘संघभावना’ या सदराखाली प्रत्येकाने आपल्या साथीदारांना गुपचूप गुण द्यायचे असतात. कोण राबलं, कोण नुसतं मिरवलं, ते आम्हाला कळावं म्हणून. सगळ्या टीममधली सगळी मुलं सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण देतात. एक मुलगा कावीळ होऊन अर्धं वर्ष घरी होता, त्यालाही पूर्ण गुण. विचारलं तर म्हणे, “दोस्त आहे मॅडम, कापायचे कसे?”

तर अशा या धंद्यातली एक गोष्ट मला सांगायची आहे. बाकीच्या किश्शांवर मी हसते. हिच्यावर पूर्ण हसता येत नाही.

एका बियाण्याच्या कंपनीची खरी अडचण आमच्या नशिबाने मिळाली होती. खरिपाच्या आधी तिथे बियाण्याची पाकिटं भरण्याची घाई असते. बाया मापाने बी भरायच्या आणि काट्यावर तोलायच्या. पाकीट हलकं भरलं तर वजनमापाचे साहेब केस करतात, जड भरलं तर महागाचं बी फुकट जातं. शेठना आपोआप तोलून भरणारं मशीन हवं होतं, आणि बाजारातलं परवडत नव्हतं. आमच्या टीमने ते बनवायचं ठरलं.

मशीन समजायला सोपं आहे. वर एक नरसाळ्यासारखं भांडं, त्याला हॉपर म्हणतात. त्यात बी पडतं. भांडं ज्या दांड्यांवर टेकलेलं असतं, त्यांच्यात वजन ओळखणारे सेन्सर. ठरलेलं वजन झालं की वरची धार बंद, खालचं दार उघडं, आणि बी पाकिटात. रोज सकाळी भांडं रिकामं असताना ‘शून्य’चं बटण दाबायचं. ही साधी गोष्ट लक्षात ठेवा, मी पोरांनाही वर्षभर हेच सांगत होते.

टीममधला चौथा मुलगा म्हणजे तो काविळीचाच, त्यामुळे कामाला तिघंच. अक्षय जालन्याचा, टीमचा लीडर. बोलण्यात असा पटाईत, की बंद मशीनचं प्रात्यक्षिकसुद्धा टाळ्या घेऊन करील. दुसरा माउली, कॉम्प्युटरमध्ये डोकं खुपसून बसणारा. आणि तिसरी प्रज्ञा. वाटूरच्या बौद्ध कुटुंबातली, वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. मशीनचं डिझाइन तिचं, वेल्डिंगही बहुतेक तिनेच केलेलं. कमी बोलायची, पण नट किती आवळायचा ते तिच्या हाताला कळायचं.

शेठनी सुरुवातीलाच कबूल केलं होतं, की मशीनने हा सीझन काढला तर तुमच्यातल्या एकाला मी कायम घेणार, प्लँटवर मशिनरीचं बघायला. अक्षयचं पुण्याच्या नोकरीचं ठरलेलं होतं, माउलीला स्पर्धा परीक्षा द्यायच्या होत्या. ही नोकरी हवी होती ती प्रज्ञाला. मेकॅनिकलच्या मुलींना कंपन्या टेबलाशी बसवतात, मशीनजवळ उभं करत नाहीत. तिला मशीनजवळ उभं राहायचं होतं. या कंपनीत ते मिळणार होतं, आणि ते सगळं मशीन चालण्यावर अवलंबून होतं.

मशीन वेळेत झालं. माझ्या कारकिर्दीत असं फार थोड्या वेळा झालंय. मग आलं उद्घाटन. आपल्याकडे मशीन चालू करत नाहीत, त्याचं उद्घाटन करतात. मंडप, सनई, प्राचार्य, शेठ, शेठच्या मातोश्री. मला शाल-श्रीफळ, प्राचार्यांचं ‘युवाशक्ती’वर भाषण. शेठनी नारळ फोडला, मशीनला हळदीकुंकू लावलं, हॉपरला झेंडूचा जाडजूड हार घातला आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मशीनने पहिलं पाकीट भरलं. काट्यावर ठेवलं तर हलकं भरलं. अक्षयने लगेच पुन्हा ‘शून्य’ दाबलं, दुसरं पाकीट बरोबर आलं. नवं मशीन आहे, बुजलं असेल, असं शेठ हसत म्हणाले आणि सगळे पेढ्यांकडे वळले.

त्यानंतर शुक्रवारची साडेसाती लागली. प्लँटचे मॅनेजर गिराम साहेब, पान खाऊन सावकाश बोलणारा माणूस, पण त्या सीझनला त्यांचा आवाज चढलेलाच असायचा. “देशपांडे मॅडम, तुमचं मशीन परत हलकं भरून राह्यलं!” पोरं पळत जायची, ‘शून्य’ दाबून यायची. दुसऱ्या दिवशी फोन, आता पाकिटं जड येतायत. दोन-तीन दिवसांनी सगळं ठाकठीक. पुढचा शुक्रवार आला, की पुन्हा पहिल्यापासून.

अक्षयने शोध लावला, की शुक्रवारी शेजारच्या मिलला सुट्टी असते, त्यामुळे व्होल्टेज वाढतं. आम्ही स्टॅबिलायझर बसवला. शुक्रवार आला, पाकिटं हलकी. माउली म्हणाला, सेन्सर तापतोय. सेन्सर बदलला. तरी पाकिटं हलकीच. मग माउलीने रोजचा फरक मांडून आलेख काढला. काय देखणा आलेख होता तो! शुक्रवारी एकदम उंच उडी, मग झरझर उतार, मग हळूहळू सपाट, की पुन्हा शुक्रवार. तो घेऊन दोघं एका स्पर्धेत गेले. परीक्षकांनी माना डोलावल्या, बक्षीस मिळालं, स्टेजवर फोटो निघाला. झेंडूचा हार कसा वाळतो याचा आलेख काढून बक्षीस मिळवणारी माझी पोरं बहुधा देशात पहिली असतील. पण ते तेव्हा कुणाला माहीत होतं?

माउलीने प्रोग्रॅममध्ये ‘शुक्रवार मोड’ टाकला. शुक्रवार आला की मशीनने आपणहून तेवढं बी जास्त घ्यायचं. दोन शुक्रवार छान गेले. आम्ही सुटलो म्हणून चहा पाजला मी त्यांना. तिसऱ्या शुक्रवारी बाजारात फुलं कमी आली असणार, हार बारीक आला असणार. पाकिटं भसाभसा जड भरली गेली. शेठ स्वतः फोनवर आले. “मॅडम, पोरांचं शिकणं बराबर आहे, पण सीझन माझा चालला. पुढच्या शुक्रवारी ठीक चाललं तर ठीक, न्हाई तर मशीन उचला अन् जल्दी उचला.”

मशीन उचलायचं म्हणजे प्रोजेक्ट बुडाला, आणि त्याच्यासोबत प्रज्ञाची नोकरी. या सगळ्या गडबडीत ती गप्प असायची. सांगितलं ते काम करायची. मला तिचा राग यायचा. जिचं सगळ्यात जास्त जाणार तीच तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेली!

त्या शुक्रवारी मी सकाळीच तिघांना घेऊन प्लँटवर गेले आणि मशीनसमोर खुर्ची टाकून बसले. ठरवलं होतं, ते बिघडताना बघायचंच. ‘शुक्रवार मोड’ बंद ठेवला, ‘शून्य’ दाबलं, पाकिटं सुरू झाली, एकेक बरोबर. थोड्या वेळाने एक कामगार फुलांची पाटी घेऊन आला. शेठच्या मातोश्रींचा नेम होता, दर शुक्रवारी प्लँटमधल्या प्रत्येक मशीनला ताजा हार. तो एकेका मशीनचा वाळलेला हार काढत, ओला हार घालत आमच्या मशीनपाशी आला. हॉपरवरचा जुना हार काढला, नवा घातला, हात जोडले आणि पुढे गेला. समोरच्या पडद्यावरचा आकडा माझ्या डोळ्यांदेखत वर चढून बसला.

मी कपाळावर हात मारला, तो आवाज गिराम साहेबांना ऐकू गेला असेल. तोलायच्या भांड्यावर हार! ओला हार घातला की मशीनला वाटणार बी आलंय, आणि पाकीट हलकं जाणार. दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्या हारासकट शून्य घेतलं, की दिवसभर हार वाळून भांडं हलकं होणार आणि पाकीट जड जाणार. स्टॅबिलायझर काय, शुक्रवार मोड काय, बक्षीस काय! पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे कळावं. मी मोठ्याने तसं म्हटलंही. अक्षय आणि माउली त्या हाराकडे तोंड उघडं टाकून बघत राहिले. दर शुक्रवारी तो त्यांच्यासमोर होता, पण पूजेची वस्तू म्हणजे मशीनचा भाग नव्हे, अशी त्यांच्या डोळ्यांची समजूत झालेली.

प्रज्ञा मात्र हाराकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. आणि मला मशीनच्या चौकटीवर, हॉपरच्या बाहेर, नीट घासून रंगवलेला एक लोखंडी हूक दिसला. मूळ डिझाइनमध्ये तो नव्हता.

तिला बाहेर नेलं. “हा हूक कशाला लावलास?”

“हारासाठी, मॅडम. मला वाटलं तिथं हूक दिसला की हारवाले दादा तिथंच हार लावतील. न्हाई लावला. शेठनी पहिल्यांदा वर घातल्ता ना, मंग ते बी वरच घालतेत.”

“म्हणजे तुला माहीत होतं?”

“हो.”

“मग तोंडाने सांगायला काय झालं होतं? तुझीच नोकरी चाललीय ना? मूर्ख आहेस का तू?” माझा आवाज चढला होता, वर्षभराचा वैताग त्यात होता.

ती शांतपणे म्हणाली, “आमच्या घरी पूजा न्हाई, हे इथं सगळ्यांना माहीत आहे मॅडम. पहिल्याच दिवशी गावाचं नाव विचारलं, मंग आडनाव विचारलं, मंग पुढचं काही विचारलं न्हाई. मी म्हणले असते हार काढा, तर मशीनचं कोण ऐकलं असतं? हिला आमचा हार खुपतो, असंच झालं असतं.”

तिच्यावर चढलेला माझा आवाज कुठे ठेवावा ते मला कळेना. मी इतकी वर्षं याच जिल्ह्यात राहिले, याच पोरांना शिकवलं. ती म्हणाली तसं झालं असतं की नसतं, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नव्हते. मला फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त संताप आला. कुणाचा, ते विचाराल तर नाव सांगता येणार नाही.

शेठकडे मीच गेले. सांगितलं, हार तोलायच्या भांड्यावर नको, चौकटीवर हूक केलाय तिथे लावा. मी मनातल्या मनात भांडायची पूर्ण तयारी केली होती. शेठ म्हणाले, “बस्स एवढंच? लावा की मंग तिकडं. देवाला काय, इथं बी पोचतं अन् तिथं बी पोचतं.” सगळा सीझन ज्याने खाल्ला तो प्रश्न एका वाक्यात संपला. मला हसावं की रडावं कळेना.

मग शेठनी विचारलं, की शोधलं कोणी. अक्षयने नेहमीसारखं तोंड उघडलं आणि मिटलं. मी प्रज्ञाचं नाव घेतलं, हूक दाखवला. शेठ तिच्याकडे बघत राहिले. “तुला पहिल्यापासून ठाऊक होतं अन् तू बोलली न्हाई? माझी इतकी पाकिटं गेली पोरी.”

“शेठजी, मी बोलले असते तर तुम्ही ऐकलं असतं. पण तुमच्यापर्यंत पोचायच्या आत मधेच कोणी तरी दुसरंच काही केलं असतं त्याचं.”

शेठनी गिराम साहेबांकडे मान वळवली. “गिराम, पोरगी तुला म्हणली असती, हार काढा, तर?”  पान थुंकायला म्हणून गिराम साहेब खिडकीपाशी गेले आणि बराच वेळ तिथेच थांबले. शेठनाही काय ते कळलं असावं. ते प्रज्ञाला म्हणाले, “परीक्षा झाली की ये कामावर. माझा शब्द आहे.”

मला वाटलं पोरगी आता आनंदाने हसेल. ती म्हणाली, “विचार करून सांगते, शेठजी.”

कॉलेजकडे परतताना आम्ही चौघं एका टेंपोत मागे बसलो होतो. माझ्याने राहवेना. “अगं, ज्याच्यासाठी वर्षभर मेलीस ते हातात आलं, आणि विचार कसला करतेस?”

“मॅडम, जिथं खरं बोलायच्या आधी इतका विचार करावा लागतो, तिथं रोज जायचं का, हा विचार.”

 अक्षय दुखावल्यासारखा म्हणाला, “त्यांचं जाऊ दे. आम्हाला तरी सांगायचं ना प्रज्ञा. एका डब्यात जेवलो आपण. आम्ही काय तुला तसं समजलो असतो का?”

“सांगितलं होतं.”

“कधी?”

“उद्घाटनाला. हार घातला तेव्हा तुझ्या कानात म्हणले, वर वजन नको. तू म्हणला, आज शुभ दिवस आहे, आज तुझं हे नको काढू.”

टेंपो खड्ड्यातून गेला, आम्ही सगळे एकमेकांवर आदळलो. माउली आपल्या बुटांकडे बघत होता. अक्षय आठवायचा प्रयत्न करत होता, आणि त्याला आठवलं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.  शेवटी म्हणाला, “चुकलं माझं.”  कॉलेजचं फाटक आलं तेव्हा प्रज्ञा म्हणाली, “सोमवारी शून्य पुन्हा तपासावं लागंल. तो शुक्रवार मोड बी काढायचाय. कोण येतंय?” दोघं एकदमच “मी” म्हणाले.

सोमवारी तिघं गेले. मी दिवसभर फोन हातात घेऊन बसले होते. संध्याकाळी प्रज्ञाचा फोन आला. आवाजामागे मशीन चालू होतं, पाकिटं पडल्याचा एकसारखा आवाज येत होता.

“मॅडम, मी घेते ही नोकरी.”

“झाला का विचार?”

“आज बोलून बघितलं. गिराम साहेब रोज दुपारी आपला जेवणाचा डबा मशीनच्या पॅनेलवर ठेवतेत. आज सगळ्यांच्या समोर म्हणले, साहेब, इथं डबा ठेवायचा न्हाई.”

“मग?”

“उचलला.”